फाटकावरची पाटी : विद्यार्थ्याचा लघुपट कसा उभा राहतो?

हातात बऱ्यापैकी कॅमेरा असलेला फोन आहे, चार मित्र मदतीला तयार आहेत आणि महाविद्यालयाने सत्र संपण्यापूर्वी एक लघुपट करून मागितला आहे, तर सुरुवात नेमकी कुठून करायची, हा प्रश्न जनसंज्ञापनाच्या वर्गात नव्याने आलेले विद्यार्थी हमखास विचारतात. आणि एवढ्याशा फिल्मला इतके दिवस कशाला लागतात, असे विचारून त्यांच्या घरची माणसे त्याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे करतात. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. लघुपटाचा मोठा भाग कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच, कागद आणि घड्याळ यांच्या साहाय्याने तयार होत असतो, आणि जो भाग तेथे तयार झालेला नसतो तो चित्रीकरणाच्या दिवशी कितीही धावपळ केली तरी सापडत नाही. हे काम कसे चालते ते समजण्यासाठी या प्रकरणात इंदूरच्या तुकोगंज भागात घडणारा, सहा मिनिटांचा एक लघुपट कल्पिला असून त्याच्या आधाराने एकेक पायरी उलगडली आहे.

१. लघुपटाचे माप

लघुपट किती लांबीचा असावा याविषयी वेगवेगळ्या संस्थांचे वेगवेगळे नियम आहेत. ऑस्कर पुरस्कारांसाठी श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट मानला जातो. विद्यार्थ्याला पाच ते दहा मिनिटे पुरेशी होतात. परंतु लांबी हे केवळ बाहेरचे माप आहे. कादंबरीतले एक प्रकरण सुटे काढले म्हणजे त्याची लघुकथा होत नाही, त्याचप्रमाणे मोठ्या चित्रपटाची गोष्ट घाईघाईने सांगितली म्हणजे लघुपट होत नाही. लघुपट बहुधा एकाच बदलावर उभा असतो : आरंभी एखादी व्यक्ती, वस्तू किंवा नाते एका स्थितीत असते, शेवटी ते दुसऱ्या स्थितीत पोहोचते, आणि या दोन स्थितींमधले अंतर प्रेक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते.

या व्याख्येचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मराठी माणसाच्याच हातून घडले आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन चित्रपटाचे तंत्र समजून घेऊन परतले, तेव्हा त्यांच्याजवळ कॅमेरा होता, परंतु पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी लागणारे भांडवल नव्हते. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट तयार केला. वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी अनेक दिवस थोडीथोडी चित्रित केली, त्यामुळे पडद्यावर ते रोप पाहता पाहता मातीतून वर येऊन वाढताना दिसले. हा चित्रपट पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज देण्याचे मान्य केले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. विद्यार्थ्याने या छोट्या चित्रपटाकडे आपला पूर्वज म्हणून पाहावे, कारण त्यात एक पात्र, एक जागा, एक बदल आणि निश्चित असा एक प्रेक्षक, एवढेच होते.

त्या कामामागचे गणित आजही करून पाहण्यासारखे आहे. चित्रपट म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रे, आणि प्रत्येक स्थिर चित्राला चौकट म्हणतात. मूकपटांच्या काळी सेकंदाला सुमारे १६ चौकटी दाखवल्या जात असे धरले, तर एका मिनिटासाठी ९६० चौकटी लागतात. रोप वाढायला ३० दिवस लागणार असतील तर रोज ३२ चौकटी टिपाव्या लागतील. आज सेकंदाला २४ किंवा २५ चौकटींचे प्रमाण रूढ असल्याने २४ धरून हाच हिशोब १,४४० चौकटींवर, म्हणजे रोज ४८ वर जातो. हा आकडा आधी काढला नाही आणि विसाव्या दिवशी लक्षात आला, तर रोप पुन्हा बी होत नाही.

२. गोष्ट कुठे शोधावी?

मोठ्या विषयाच्या मागे लागणे ही पहिल्या लघुपटातली सर्वांत नेहमीची चूक होय. बेरोजगारी, प्रदूषण, वृद्धांचे एकाकीपण हे विषय खरे आहेत, परंतु ते कॅमेऱ्यासमोर उभे राहत नाहीत. कॅमेऱ्यासमोर एखादा मुलगा, एखादे दार, एखादी वस्तूच उभी राहते. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट येथे ध्यानात ठेवावा. अहमदनगर येथे संज्ञापनाचे शिक्षण घेत असताना त्यांनी तो केला, आणि ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या नॉन-फीचर विभागात त्याला दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. पारधी समाजाच्या वाट्याला आलेले दारिद्र्य आणि शिक्षणापासून तुटलेपण हा केवढा विस्तृत विषय. परंतु पडद्यावर दिसतो तो शाळेत जाऊ पाहणारा एक लहान मुलगा. दिग्दर्शकाला ते जग आतून ठाऊक होते, म्हणून इतकी छोटी गोष्ट एवढा भार पेलू शकली.

तेव्हा विद्यार्थ्याने आपल्या घरापासून पायी जाता येईल एवढ्या परिघात पाहावे. होळकर घराण्यातील तुकोजीरावांचे नाव धारण करणारा तुकोगंज हा भाग या दृष्टीने समृद्ध आहे. साउथ तुकोगंजात जाल सभागृह आहे, नाथ मंदिर आहे, जुने बंगले आणि त्यांच्या जागी उठलेल्या बहुमजली इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि कित्येक मराठी घरांत आत मराठी व फाटकाबाहेर हिंदी असा भाषेचा पालट दिवसातून पन्नास वेळा घडतो. या पालटाची सर्वांत लहान खूण शहराच्या नावातच आहे : मराठी माणूस ‘इंदूर’ लिहितो, हिंदी पाट्यांवर ‘इंदौर’ असते.

याच खुणेतून आपला कल्पित लघुपट निघतो. जुन्या बंगल्याच्या फाटकावर आजोबांच्या नावाची लाकडी पाटी आहे आणि तिच्या शेवटच्या ओळीत ‘इंदूर’ लिहिलेले आहे. रंग उडाल्यामुळे आजी सोळा वर्षांच्या नातवाला ती पेंटरकडे न्यायला सांगते. नातवाला हे काम कंटाळवाणे वाटते. पेंटर शेवटचा शब्द चुकीचा समजून ‘इंदौर’ असा दुरुस्त करू लागतो, आणि तोवर पाटीकडे एकदाही नीट न पाहिलेला मुलगा त्याला थांबवतो. एवढीच गोष्ट, ती तीन वाक्यांत सांगता येते, हा तिचा मोठा गुण आहे. तीन वाक्यांत न मावणारी कथाकल्पना सहा मिनिटांतही मावत नाही.

३. कल्पनेपासून पटकथेपर्यंत

पटकथा म्हणजे पडद्यावर जे दिसेल आणि जे ऐकू येईल तेवढेच, घडण्याच्या क्रमाने लिहिलेला मजकूर. ‘नातवाला आजोबांची आठवण येते’ हे वाक्य कथेत चालते, पटकथेत चालत नाही, कारण आठवण कॅमेऱ्याला दिसत नाही. प्रत्येक दृश्याच्या माथ्यावर जागा, ती घरातील की बाहेरची, आणि वेळ यांची नोंद असते. आपल्या लघुपटाचे पहिले दृश्य असे लिहिता येईल :

दृश्य १. बंगल्याचे फाटक. बाह्य. सकाळ.
फाटकाच्या खांबावर लाकडी पाटी. अक्षरे पुसट. नातू एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने स्क्रू सैल करतो. आजी शेजारी उभी. पाटी निघते. तिच्यामागे खांबावर एक फिकट, स्वच्छ चौकोन.
आजी : अक्षर तेच ठेवायला सांग हं त्याला.
नातू : (फोनमधून मान वर न काढता) हो गं आजी.

या सहा-सात ओळींत दोन पात्रांचे नाते कळते, पाटी तिथे किती वर्षे होती हे त्या फिकट चौकोनावरून कळते, आणि कोणीही कोणाला काही समजावून सांगितलेले नाही. पेंटरच्या दुकानातील दृश्य लिहिताना अधिक सावध राहावे लागते, कारण गोष्टीतला बदल तेथे घडतो. पेंटर इंदुरी हिंदीत म्हणेल, ‘भिया, ये इंदूर गलत लिखा है ना? इंदौर कर दूँ?’ यावर नातवाने मराठीच्या अभिमानावर दोन वाक्ये बोलावीत असा मोह कोणत्याही लेखकाला होईल, आणि तो टाळलाच पाहिजे. पेंटरने खडूने आखलेली ‘औ’ची मात्रा मुलगा बोटाने पुसतो आणि खडू घेऊन ‘द’खाली दीर्घ ऊकार काढतो, एवढे पुरेसे आहे. ज्या मुलाचे लक्ष आतापर्यंत फोनमध्ये गुंतलेले होते त्याच्या बोटाला खडू लागला, हा बदल प्रेक्षकाला दिसला.

भाषेविषयी एक गोष्ट येथेच नोंदवणे योग्य ठरेल. इंदूरच्या मराठी घरांत बोलली जाणारी भाषा पुण्याच्या पाठ्यपुस्तकातली नसते. तिच्यात हिंदी आणि माळवी शब्द सहज मिसळलेले असतात आणि त्यांनीच ती जिवंत असते. संवाद ‘शुद्ध’ करण्याच्या नादात विद्यार्थी आपल्याच आजीच्या तोंडी परकी भाषा घालतात, ही फार मोठी हानी आहे. संवाद लिहून झाल्यावर ते घरातल्या माणसाला मोठ्याने वाचायला द्यावेत. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य बदलावे.

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ नियम व्यवसायात वापरला जातो. संवाद कमी आणि कृती जास्त असेल तर तो फसतो, म्हणून घड्याळ लावून सगळी पटकथा प्रत्यक्ष वावरून पाहणे अधिक भरवशाचे असते.

४. कॅमेरा काय सांगतो?

कॅमेरा सुरू केल्यापासून थांबवेपर्यंत जे एकसलग चित्रित होते त्याला शॉट म्हणतात. दूरदृश्यात माणूस आणि त्याचा परिसर दिसतो, मध्यदृश्यात माणूस कमरेपासून वर दिसतो, समीपदृश्यात केवळ चेहरा किंवा वस्तू चौकट व्यापते. हे तीन प्रकार म्हणजे आवाजाच्या तीन पट्ट्या समजाव्यात. संपूर्ण भाषण वरच्या पट्टीत केले तर ऐकणाऱ्याला महत्त्वाचे कोणते ते कळत नाही, तसेच प्रत्येक शॉट चेहऱ्यावर नेऊन ठेवला तर चेहऱ्याचे मोल उरत नाही. पाटीच्या गोष्टीत ‘इंदूर’ हा शब्द अगदी जवळून केवळ दोनदा दिसावा : एकदा पुसट, एकदा खडूने नव्याने उमटताना.

वस्तूला अशी वागणूक देण्याचा विषय निघाला की इंदूरशी जवळचे नाते असलेल्या एका लघुपटाकडे वळावे लागते. पंढरपूरला जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला आणि १९६७ मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला लघुपटासाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले. राजस्थानात चित्रित झालेल्या या लघुपटात रूढ अर्थाची कथा नाही. छत्री, कंदील, जोडा यांसारख्या वस्तू वाळवंटाच्या, किल्ल्यांच्या आणि माणसांच्या चित्रांमध्ये पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या पुनरावृत्तीतूनच लय तयार होते. ज्या देवळालीकर मास्तरांच्या इंदुरातल्या कलाशाळेने नारायण श्रीधर बेंद्रे आणि विष्णू चिंचाळकर यांच्यासारखे चित्रकार घडवले, तिथेच हुसेन यांचेही प्रारंभीचे शिक्षण झाले होते. कॅमेरा हाती घेण्यापूर्वी रेखाटन करणे किती उपयोगी पडते हे सांगायला याहून जवळचे उदाहरण इंदूरच्या विद्यार्थ्याला मिळणार नाही. चित्रकला येत नसली तरी चालते. काड्यांची माणसे काढून प्रत्येक शॉटची चौकट वहीत आखली, तर कोण कुठे उभा आहे हे सर्वांना एकसारखे कळते.

एक नियम मात्र समजून घ्यावाच लागतो. पेंटर आणि नातू समोरासमोर उभे असताना त्यांच्यामधून एक काल्पनिक रेषा जाते असे मानावे आणि सर्व शॉट त्या रेषेच्या एकाच बाजूने घ्यावेत. नाटक पाहताना प्रेक्षक नेहमी सभागृहाच्याच बाजूला असतो, त्यामुळे डावीकडचा नट डावीकडेच राहतो. प्रेक्षकाला मध्येच विंगेत नेऊन पुन्हा खुर्चीवर बसवले तर त्याचा गोंधळ उडेल. रेषा ओलांडली की पडद्यावर नेमके हेच होते आणि समोरासमोर बोलणारी दोन माणसे एकाच दिशेला पाहत असल्यासारखी दिसू लागतात.

५. उजेड, दिवस आणि वजाबाकी

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे, म्हणजे दिवसांच्या हिशोबाकडे वळता येईल. समजा, वहीत ३५ शॉट आखले गेले. जागा ठरवणे, कॅमेरा लावणे, तालीम आणि प्रत्यक्ष चित्रीकरण धरून एका शॉटला सरासरी २० मिनिटे लागतात असे मानले तर ७०० मिनिटे, म्हणजे ११ तास ४० मिनिटे होतात. डिसेंबरात इंदुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसात ते दहा हा अडीच तासांचा तिरपा, मऊ उजेड उपयोगाचा धरला आणि मित्रांच्या वेळा जुळवून तीन सकाळी मिळाल्या, तर हाती ४५० मिनिटे येतात. त्यांत २२ शॉट बसतात. उरलेल्या १३ शॉटचे काय करायचे, हा निर्णय चित्रीकरणाच्या तिसऱ्या सकाळी दहा वाजता घाबरून घेण्यापेक्षा पंधरा दिवस आधी शांतपणे घेतला तर चित्रपट सुधारतो. रस्त्यावरून चालण्याचे नऊ शॉट होते, त्यांतले चार ठेवले. फाटकापाशी आठ आणि पेंटरकडे दहा. वजाबाकीमुळे लघुपटाचा कणा उघडा पडतो, आणि पुष्कळदा असे दिसते की वगळलेले शॉट कोणालाही हवे नव्हते.

चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने होत नाही, जागेच्या क्रमाने होते. फाटकापाशी घडणारे पहिले आणि शेवटचे दृश्य एकाच सकाळी उरकावे, हे उघड आहे. परंतु पहिल्या दृश्यात पाटी पुसट हवी आणि शेवटच्या दृश्यात ताजी रंगवलेली. याचा अर्थ दोन पाट्या आधीच तयार असल्या पाहिजेत. शिवाय पेंटरच्या दृश्यात खडूची मात्रा दर वेळी पुसली जाणार असल्याने ती प्रत्येक टेकला, म्हणजे त्याच शॉटच्या प्रत्येक प्रयत्नाला, पुन्हा काढावी लागेल. खांबावरचा फिकट चौकोनही खऱ्या खांबावर आपोआप मिळेल याची खात्री नसते. घरमालकाची परवानगी घेऊन तो चुन्याने हलका रंगवावा लागेल. असे तपशील शोधण्यासाठी पटकथेतल्या प्रत्येक दृश्यासमोर पात्रे, कपडे, वस्तू आणि जागा यांची यादी करतात. व्यवसायात तिला ब्रेकडाउन म्हणतात. यादी सांभाळणारी व्यक्ती स्वतंत्र असावी, कारण दिग्दर्शकाचे लक्ष अभिनयाकडे असते आणि मुलाच्या बाह्या गेल्या शॉटमध्ये दुमडलेल्या होत्या की नव्हत्या हे त्याला आठवत नाही.

घर, दुकान आणि माणसे यांच्या लेखी परवानग्या याच टप्प्यावर घ्याव्यात. नातवाची भूमिका करणारा मुलगा अज्ञान असेल तर त्याच्या पालकांचीही.

६. आवाज

अंधारलेले चित्र प्रेक्षक सहन करतो, न समजणारा संवाद सहन करत नाही. तरीही विद्यार्थ्यांच्या नियोजनात आवाज सर्वांत शेवटी येतो. चित्रीकरणाच्या जागेची आगाऊ पाहणी, म्हणजे रेकी, करताना जागा डोळे मिटूनही तपासावी, आणि ज्या वेळी चित्रीकरण होणार त्याच वेळी जाऊन तपासावी. दुपारी शांत वाटलेल्या गल्लीत सकाळी महापालिकेची कचरागाडी गाणे वाजवत येते, आणि मग संवादामागे ते गाणे चिकटते, जे काढताही येत नाही आणि हक्कदाराच्या परवानगीशिवाय ठेवणेही योग्य नसते. गाडीची वेळ विचारून घेतली तर तो प्रश्न चहाच्या सुटीने सुटतो.

फोनचा माइक बोलणाऱ्यापासून दूर राहत असल्याने दुसरा फोन पात्राच्या जवळ, चौकटीबाहेर ठेवून त्यावर वेगळा आवाज नोंदवावा, आणि प्रत्येक टेकच्या आरंभी एक टाळी वाजवावी; टाळीचे चित्र आणि टाळीचा आवाज जुळवले की दोन्ही नोंदी जुळतात. चित्रीकरण संपल्यावर सर्वांनी गप्प उभे राहून त्या जागेचा नुसता आवाज मिनिटभर नोंदवावा. याला रूम टोन म्हणतात, आणि दोन संवादांमधली पोकळी भरण्यासाठी तो लागतो. रांगोळीत रंग भरण्यापूर्वी जमीन सारवावी लागते, तसे हे काम आहे.

आवाज हाच कथेचा विषय कसा होऊ शकतो हे उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’ या लघुपटात पाहायला मिळते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना केलेल्या या चित्रपटात घरात आलेल्या पिठाच्या गिरणीमुळे एका मुलाचे जग बदलते, आणि त्या यंत्राची घरघर प्रेक्षकाच्या अंगावर येते.

७. संकलनाच्या टेबलावर

२२ शॉटचे प्रत्येकी तीन टेक, प्रत्येक टेक सरासरी ३० सेकंदांचा, असे धरले तर ३३ मिनिटांचे चित्रण हाती येते, म्हणजे अंतिम लांबीच्या साडेपाच पट. ते त्याच संध्याकाळी दोन निरनिराळ्या ठिकाणी साठवावे, आणि मगच फोन रिकामा करावा.

शॉट निवडून, कापून, क्रमाने जोडण्याच्या कामाला संकलन म्हणतात. ‘घर’ आणि ‘जावई’ हे दोन साधे शब्द, परंतु ‘घरजावई’ म्हटले की दोन्हींत नसलेला तिसरा अर्थ उभा राहतो. संकलनात दोन शॉटचा असाच समास होतो. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी शंभर वर्षांपूर्वी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपाच्या वाडग्याला, कधी शवपेटीला जोडून दाखवला, तेव्हा पाहणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दिसले, असे चित्रपटशिक्षणात सांगितले जाते. आपल्या गोष्टीत नातवाचा चेहरा आणि त्यानंतर पुसट ‘इंदूर’ असा क्रम लावला, तर मुलगा तो शब्द पहिल्यांदा वाचतो आहे असे वाटेल. तोच चेहरा पेंटरच्या खडूनंतर जोडला तर त्याला राग आला आहे असे वाटेल. यातले काय हवे हे संगणक सांगत नाही, पटकथेतला तो एक बदल सांगतो.

पहिली जोडणी झाली की ती पटकथा न वाचलेल्या दोन-तीन माणसांना दाखवावी. त्यांना ‘आवडला का’ असे विचारू नये, कारण प्रेमाची माणसे ‘हो’ म्हणतात; ‘काय घडले ते सांगा’ असे म्हणावे आणि मध्ये न बोलता ऐकावे. एखाद्याने ‘मुलगा पाटी रंगवून आणतो’ एवढेच सांगितले, तर खडूचा शॉट फार लवकर कापला गेला आहे किंवा त्याआधीचा फोनमधला मुलगा पुरेसा दिसलेला नाही, असे समजून त्या दोन जागी परत जावे, आणि काही सेकंद वाढवून त्याच माणसाला नव्हे, दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा दाखवावे.